कर्नलांचे थोरले भाऊ

दादांनी जन्मभर कोणाचं वाईट चिंतलं नाही. शेजाऱ्याने दुमजली घर बांधलं, तेव्हा त्याच्या जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या आहेत की नाही हे बघायला दादाच फूटपट्टी घेऊन गेले. बरोबरीचा सहकारी परदेशी निघाला, तर त्याची पेटी बांधायला यांचेच हात. पण सख्ख्या धाकट्या भावाचं काही चांगलं झालं की त्यांच्या पोटात दुखे. आणि धाकट्याचं तर एकामागून एक चांगलंच होत गेलं.

दोघांत सात वर्षांचं अंतर. वडील जमीनमोजणी खात्यात होते. दादा एकोणीस वर्षांचे असताना, गणितातल्या पुढच्या शिक्षणासाठी मोठ्या शहरात जागा मिळाल्याचं पत्र हातात असताना, वडील तापाने गेले. दादांनी पत्र घडी करून कपाटात ठेवलं आणि गावातल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात, नकाशे काढायच्या खोलीत मदतनीस म्हणून नोकरी धरली. नोकरी करता करता शिकले, अधिव्याख्याते झाले आणि तिथेच राहिले. स्वतःचा प्रबंध लिहायला घेतला होता. तो अर्धा झाला आणि कायमचा अर्धाच राहिला.

धाकट्याला लहानपणी गणित म्हणजे कडू काढा. दादा त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसवायचे. मारणं नाही, ओरडणं नाही. जिथे चूक असेल त्या ओळीच्या शेजारी पेन्सिलीचा एक बारीक ठिपका द्यायचे आणि हाताची घडी घालून मागे उभे राहायचे. चूक कोणती ते सांगायचं नाही, ज्याची त्याने शोधायची. एकदा धाकटा रडकुंडीला येऊन म्हणाला होता, "त्यापेक्षा दोन फटके दे ना, दादा."

त्या ठिपक्यांच्या जोरावर धाकटा सैन्याच्या प्रवेशपरीक्षेत पहिल्या विसात आला. आईने आल्यागेल्याला सांगितलं, "माझा धाकटा मुळातच हुशार." दादा तिथेच वर्तमानपत्र वाचत बसले होते. ते वाक्य त्यांना लागलं ते कायमचं.

धाकटा सैन्याच्या इंजिनिअर पलटणीत गेला. पूल बांधायचे, रस्ते करायचे, सुरुंग काढायचे, असं ते काम. तिशी गाठायच्या आत सीमेवर युद्ध झालं. माघार घेणाऱ्या शत्रूने एका नदीवरच्या पुलाच्या तिन्ही खांबांना स्फोटकं बांधून ठेवली होती आणि पलीकडच्या काठावर आपले दीडशे जखमी अडकले होते. धाकटा दोन जवानांना घेऊन भर दुपारी, गोळ्या येत असताना, छातीएवढ्या पाण्यात उतरला. दोन खांबांच्या तारा त्याने स्वतः कापल्या. तिसऱ्या खांबाचा स्फोट झालाच. त्यात एक जवान गेला आणि धाकट्याचा डावा कान कायमचा बहिरा झाला. तशाच रक्ताळलेल्या कानाने त्याने उरलेल्या लोखंडी तुळयांवर फळ्या टाकून घेतल्या आणि संध्याकाळच्या आत सगळे जखमी अलीकडे आणले. गेलेल्या जवानाच्या आईला तो पुढे दरवर्षी पत्र लिहायचा. ती गेल्यावर तिच्या मुलीला लिहू लागला.

त्याला शौर्यपदक मिळालं. तो सुट्टीवर आला तेव्हा स्टेशनवर बँड होता, शाळेची मुलं होती, नगराध्यक्षांचं भाषण होतं. दादांना भाऊ जिवंत परत आल्याचा आनंद झाला, खरोखर झाला. गाडीच्या दारात त्याला पाहिलं तेव्हा ते गर्दीतून वाट काढत पुढे धावले. पण पुढच्या दहा मिनिटांत धाकट्याची बॅग त्यांच्या हातात आली, गर्दीने दोघांच्या मधे घुसून त्यांना मागे ढकललं आणि कोणीतरी कोणालातरी म्हणालं, "अहो, ते कर्नलांचे भाऊ आहेत, त्यांना जाऊ द्या." तेव्हा तो नुसता कॅप्टन होता, पण गावाने त्याला त्याच दिवशी कर्नल करून टाकलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात दादांचा फक्त हात होता, बॅगेसकट.

"तुमचा हात ओळखू येतो हो, घड्याळावरून," बायको म्हणाली.

"टाकून दे ते," दादा म्हणाले. तिने ते टाकलं नाही, जपून ठेवलं.

वीस-बावीस वर्षं नोकरी करून धाकटा खरोखर कर्नल झाला आणि सेहेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होऊन घरी आला. लग्न केलं नव्हतं, आई गेली होती. दादांच्या घरात वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, तिथे तो राहू लागला. सकाळी साडेपाचला वर त्याचा व्यायाम सुरू झाला की खाली दादांच्या डोक्यावरचं छत धपधप वाजायचं. गल्लीतली माणसं त्याला बघून सायकलवरून उतरायची. दादा तीस वर्षं त्याच गल्लीतून कॉलेजात जात होते, त्यांच्यासाठी कोणी कधी साधी घंटीही वाजवली नव्हती. दोघं भाऊ फिरायला निघाले की दादा मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूने चालत. त्या बाजूने बोलायची गरज पडत नसे.

धाकट्याने ठरवलं की आता शिकायचं. कशावर, तर पुलांवर. पुराचं पाणी पुलाच्या खांबाच्या बुडाशी कसं भोवरे घेतं, किती माती ओढून नेतं, खांब वरून ठणठणीत दिसत असताना खालून पोकळ कसा होतो, यावर त्याने प्रबंध लिहायला घेतला. त्या वयाचा माणूस विशी-बाविशीच्या मुलांच्या शेजारी बाकावर बसून वह्या भरायचा. साडेचार वर्षांत त्याने तो पुरा केला. दादांचा अर्धा प्रबंध खालच्या कपाटात होता आणि याचा पुरा प्रबंध वरून जिना उतरून खाली आला.

"दादा, गणित एकदा नजरेखालून घाल," धाकटा म्हणाला. "तू बघितलंस की मला झोप येईल."

दादांनी आठवडाभर बघितलं. काम सुरेख होतं. तेच सहन होत नव्हतं. भाषा साधी, मोजमापं चोख, आणि जागोजागी असं काही, जे हातात पेन्सिल घेऊन टेबलाशी बसणाऱ्याला जन्मात सुचलं नसतं, पाण्यात उभ्या राहिलेल्यालाच सुचावं. चौथ्या प्रकरणात मात्र त्यांना चूक सापडली. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना एक वर्गमूळ सुटलं होतं. पाणी कमी असेल तर फरक नगण्य. पण पूर जितका मोठा, तितकं उत्तर खोटं.

सवयीने दादांच्या हाताने शेजारी ठिपका दिला. मग बराच वेळ ते त्या ठिपक्याकडे बघत बसले. बाहेर बायको कपडे वाळत घालत होती. दादांनी खोडरबर घेतला, ठिपका पुसला, कागदावरची भुकटी फुंकली आणि प्रबंध वर पाठवून दिला.

"कसं आहे?" धाकट्याने विचारलं.

"ठीक आहे," दादा म्हणाले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे आणि चिकित्सक होते. त्यांनी चौथं प्रकरण उघडलं आणि धाकट्याला फळ्यावर तेवढं सोडवून दाखवायला सांगितलं. दादा मागच्या रांगेत होते. धाकटा त्या ओळीपाशी आला, थांबला, खडू हातात तसाच राहिला. सभागृहात पन्नास माणसं. मग तो वळून म्हणाला, "इथे चूक आहे. ती माझी आहे. मला सगळी कोष्टकं नव्याने करावी लागतील." दादांनी तपासलंय, हे त्याने सांगितलं नाही. प्रबंध आठ महिने लांबला. त्या आठ महिन्यांत दादांना सुख लाभायला हवं होतं, पण त्यांना झाली आम्लपित्ताची बाधा. डॉक्टरांनी तिखट बंद करायला सांगितलं.

"तिखट नाही, दुसरंच काहीतरी खाताय तुम्ही," बायको म्हणाली. तिला ठिपक्याचं काही ठाऊक नव्हतं, पण एका माणसाबरोबर तीस वर्षं राहिल्यावर सगळं कळायला सगळं ठाऊक असावं लागत नाही.

प्रबंध मान्य झाला आणि नशिबाने थट्टा करायची बाकी ठेवली नाही. दादांच्याच महाविद्यालयात, दादांच्याच विभागात धाकटा प्राध्यापक म्हणून नेमला गेला आणि दोन वर्षांत विभागप्रमुख झाला. दादांच्या रजेच्या अर्जावर आता धाकट्याची सही लागायची. तेव्हापासून दादांनी एकही रजा घेतली नाही, तापातही नाही.

शिकवायला मात्र धाकटा विलक्षण होता. तास सुरू व्हायला एक मिनिट असताना दारात उभा. मुलांना उजव्या बाजूला बसवायचा, म्हणजे प्रश्न ऐकू येतील. पहिल्याच आठवड्यात पन्नास मुलांना नदीवर नेऊन गुडघाभर पाण्यात उभं करायचा आणि विचारायचा, "टाचेखालची वाळू सरकते ना? हाच तुमचा पहिला धडा. आता टाचेच्या जागी पूल समजा." शेजारच्या वर्गात दादा तेच समीकरण फळ्यावर मांडायचे, मोत्यासारख्या अक्षरात. त्यांच्या तासाला मुलं खिडकीतून बाहेर बघत. मुलांनी दादांना 'कोनमापक' असं नाव ठेवलं होतं. धाकट्याला कुठलंच टोपणनाव नव्हतं. हेही दादांना सलायचं. प्रेम असल्याशिवाय मुलं नाव ठेवत नाहीत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली, पण ती फार दिवस टिकली नाही.

मग जुन्या पुलाचं प्रकरण उपटलं.

गावाच्या मधून नदी जात होती. एका काठाला बाजार आणि कॉलेज, दुसऱ्या काठाला इस्पितळ आणि अर्धी वस्ती. दोन्हींना जोडणारा पाच खांबांचा दगडी पूल सत्तर वर्षांचा होता. धाकट्याने मुलांकडून दोर आणि वजनं सोडून खांबांच्या बुडाची मोजणी करून घेतली. तिसऱ्या खांबाखाली एवढा खड्डा पडला होता की पायाचा दोनतृतीयांश भाग पाण्यात उघडा पडला होता. त्याने नगरपालिकेला अहवाल दिला, येत्या पुराच्या आधी पूल बंद करा.

गाव उसळलं. पूल बंद म्हणजे अकरा किलोमीटरचा वळसा. काल ज्याला डोक्यावर घेतलं होतं, त्यालाच आज पायदळी तुडवायला माणसं निघाली. पुलाजवळचे दुकानदार म्हणाले, एका कानाने गेलाय, आता डोक्यानेही गेला. शहर अभियंता म्हणाला, लढाईत पूल उडवणारी माणसं, त्यांना सगळीकडे मोडकेच पूल दिसणार. गल्लीतली माणसं सायकलवरून उतरेनाशी झाली. त्या आठवड्यात दादांना भूक चांगली लागली. पित्तही बसलं.

आणि त्याच आठवड्यात नगराध्यक्षांचं पत्र आलं. प्रकरण समितीपुढे जायचं होतं आणि त्याआधी महाविद्यालयातल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाने अहवालातली आकडेमोड तपासून मत द्यावं, अशी विनंती होती. सर्वांत ज्येष्ठ शिक्षक म्हणजे दादा. पत्र पोचवायला शहर अभियंता स्वतः आला होता. जाताना दारात रेंगाळून तो म्हणाला, "सर, थोडी जरी शंका वाटली तरी तसं लिहा. शंका एवढी पुरे आहे आम्हाला."

दादांनी तीन दिवस दार लावून घेतलं. आयुष्यात त्यांनी कुठलंही काम इतकं मन लावून केलं नसेल. प्रत्येक ओळ त्यांनी तीनदा पडताळली. कोष्टकं वेगळ्या रीतीने पुन्हा काढली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः होडीतून तिसऱ्या खांबापाशी गेले आणि दोर सोडून खोली मोजली. वर्गमुळं तर त्यांनी एकेक करून धरली. तिसऱ्या दिवशी दुपारी बायको जेवायला बोलवायला आली, तेव्हा दादा हातात पेन्सिल घेऊन खुर्चीत मागे रेलून बसले होते. दोनशे बारा पानांवर एकही ठिपका नव्हता.

"सापडलं का काही?" तिने विचारलं.

"काही नाही."

"मग तोंड का असं?"

दादांनी पेन्सिल खिशात टाकली आणि ते जेवायला उठले.

समितीची बैठक नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात होती. पंखे होते, पण माणसं इतकी की वारा कोणालाच लागत नव्हता. धाकटा पहिल्या रांगेत ताठ बसला होता, उजवा कान टेबलाकडे करून. दादा उठले आणि म्हणाले, "आकडेमोड बरोबर आहे. खोली मी स्वतः मोजली. पूल बंद करावा."

सभागृहात कुजबुज झाली. शहर अभियंता हसून म्हणाला, "नगराध्यक्ष, ह्यात नवल ते काय? सख्खे भाऊ आहेत. भाऊ भावाची बाजू घेणारच."

दादा खाली बसायला लागले होते, ते पुन्हा उभे राहिले. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखाच होता, सपाट.

"साहेब, याच्या कामात चूक सापडावी असं या गावात सगळ्यात जास्त कोणाला वाटत असेल, तर ते मला. आज नाही, गेली पस्तीस वर्षं. त्याला पदक मिळालं तेव्हा मी जेवलो नव्हतो. तो माझा प्रमुख झाला तेव्हापासून मी रजा घेतलेली नाही. मागे एकदा त्याची चूक मला दिसली होती आणि मी ती त्याला सांगितली नाही, चारचौघांत त्याची फजिती होऊ दिली. असा मी माणूस आहे. असा माणूस तीन दिवस चूक शोधत बसला आणि त्याला ती मिळाली नाही. आता तुम्हाला आणखी कोणाकडून तपासून घ्यायचं असेल तर घ्या, पण माझ्याइतकं वाईट नजरेने कोणी बघणार नाही."

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मधेच थांबलं. नगराध्यक्षांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं, पाणी प्यायलं. पूल बंद करायचा ठराव वीस मिनिटांत झाला.

दोघं भाऊ पायीच घरी निघाले. दादा नेहमीप्रमाणे डाव्या बाजूला गेले, तर धाकटा थांबला, मागून वळसा घालून दादांच्या दुसऱ्या बाजूला आला आणि चालू लागला. आता त्याचा चांगला कान दादांकडे होता.

"ठिपका मला दिसला होता," तो म्हणाला. "परीक्षेनंतर घरी येऊन पान उजेडात धरलं. खोडलास, पण पेन्सिल तू नेहमी दाबून धरतोस. कागदावर खळगा राहिला होता."

दादांनी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तू खोडलास ते तुझं. चूक तर माझीच होती."

"चिडला नाहीस?"

"चिडलो. वर आठवडाभर व्यायाम जास्त जोरात केला. तुला वाटलं असेल छप्पर कोसळतंय."

दादांना ते आठवलं. दोघं पोस्ट ऑफिसच्या कोपऱ्यावर वळले. मग दादांनी विचारलं, कारण ते कधीतरी विचारायचंच होतं, "माझा तुला कधी हेवा वाटला का रे?" त्यांना वाटलं, निदान आज तरी हा हो म्हणेल. माणूस अशा वेळी दुसऱ्याच्या समाधानासाठी म्हणतो.

धाकट्याने नीट विचार केला. "नाही," तो म्हणाला. "भीती वाटायची. त्या नदीत तारा कापताना गोळ्यांची नव्हती वाटत इतकी. वाटायचं, तू मागे हाताची घडी घालून उभा आहेस. चुकीची तार कापली तर तू काही बोलणार नाहीस, नुसता बघशील. म्हणून दोन्ही वेळा पुन्हा मोजून मगच कापली."

दादा म्हणाले, "तिसऱ्या खांबाला वेळच मिळाला नसेल."

"नाही मिळाला," धाकटा म्हणाला.

त्या वर्षीच्या पुरात पुलाचा तिसरा खांब कलला आणि मधली कमान पाण्यात गेली. पुलावर चिटपाखरू नव्हतं. गल्लीतली माणसं पुन्हा सायकलवरून उतरू लागली. नव्या पुलाच्या आराखड्यावर धाकट्याचं नाव आलं, आकडेमोड तपासणारे म्हणून खाली दादांचं. धाकट्याचं नाव ठळक टाईपात होतं. दादांनी ते भिंग लावून पाहिलं आणि त्यांच्या पोटात पुन्हा तीच ओळखीची कळ आली. पण आता ते तिला नावाने ओळखत होते, एवढाच फरक. निवृत्त होईपर्यंतच्या शेवटच्या दीड वर्षात त्यांनी धाकट्याच्या सहीने सगळी साठलेली रजा घेतली.

नवा पूल तीन वर्षांनी पुरा झाला. उद्घाटनाला नगराध्यक्षांनी सांगितलं, पहिलं पाऊल कर्नलांचं. धाकटा म्हणाला, दादा आला तर जातो. दादा म्हणाले, मला कोणाची मेहेरबानी नको, आणि काठावरच्या बाकावर जाऊन बसले. दोघंही हटेनात. लोक उन्हात ताटकळले, बँडवाले वाजवून दमले. शेवटी दादांची बायको पुढे झाली. तिची बहीण पलीकडच्या काठाला राहायची आणि तीन वर्षं तिने अकरा किलोमीटरचा वळसा घातला होता.

"भाऊजी, तुमचं चालू द्या निवांत," ती म्हणाली, "मला उशीर होतोय." आणि हातातली पिशवी सावरत ती सरळ पुलावरून चालू लागली. फोटोवाले तिच्या मागे धावले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती मधल्या कमानीवर क्षणभर थांबली, कठड्यावरून खाली पाहिलं आणि पलीकडे निघून गेली.

धाकटा येऊन बाकावर दादांच्या शेजारी बसला.

"उद्याच्या पेपरात वहिनींचा फोटो येणार," तो म्हणाला.

"येणार ना," दादा म्हणाले. त्यांची नजर पलीकडच्या काठावर होती, तिथे बायकोभोवती माणसं जमली होती आणि ती हात हलवून काहीतरी सांगत होती. "आता महिनाभर तिच्याशी बोलायची सोय नाही."